मोबाईलचे पाकीट


८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ५०० व १००० रुपयांच्या जुन्या नोटा बंद झाल्या. पैशांची चणचण पडली. तेव्हा पुष्कळ लोक मोबाईलने पैसे देऊ लागले. पुढे नव्या नोटा आल्या. पण ती सवय काही सुटली नाही. का बरे?

आमच्या नंदनवनात आम्ही पाहतो. भाजीचे २७ रुपये झाले, तर २७ च द्या. चिल्लरची कटकट नाही. शिवाय दिल्याघेतल्याची नोंद राहते.

पण नोंद वाचता आली पाहिजे! दुसऱ्याला पिन सांगणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे. आधी नाव वाचा, आकडा वाचा, मग पैसे द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झाली, तर लगेच १९३० ला फोन करा.

अक्षर शिकू या. मग आपले पाकीट आपल्याच हाती राहील.