जुन्या क्वालिसची निगा

बेंगळुरूच्या हेब्बाळचा उड्डाणपूल संध्याकाळी गाड्यांनी तुंबतो, तेव्हा जुन्या मोटारीची खरी परीक्षा होते. त्या रांगेत अद्यापि एखादी टोयोटा क्वालिस दिसते. किर्लोस्करांच्या भागीदारीतून बेंगळुरूजवळच्याच बिडदी येथे तयार होणारी ही जपानी गाडी २००० साली बाजारात आली आणि २००५ साली बंद झाली. तिचे डिझेल एंजिन दणकट खरे. पण उष्णतेपुढे त्याचे काही चालत नाही. मुंगीच्या पावलांनी जाताना समोरचा वारा लागत नाही, आणि रेडिएटर गाळाने भरलेला असला की काटा चढू लागतो. नुसते नळाचे पाणी ओतत राहणे ही आपली जुनी खोड. त्याने आत गंज व क्षार साचतात. तेथे कूलंटच हवे. काटा लाल रेषेकडे सरकताच गाडी कडेला घेऊन एंजिन बंद करावे. गरम असता झाकण उघडू नये, वाफेने हात भाजतो. तशीच दामटल्यास सिलिंडर हेड वाकते, प्रसंगी तडकते, आणि मग खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

तसाच टायमिंग बेल्ट. हा पट्टा लाखभर किलोमीटरांनी बदलावा. धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. जुनी गाडी घेताना पट्टा केव्हा बदलला हे विकणाऱ्यास सांगता आले नाही, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे.