गुडघ्यातील बंध आणि संगणकाचा डोळा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर गुडघ्याचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. परंतु मंडळाच्या क्रीडास्पर्धांत खो-खो खेळताना, कबड्डीत पकड होताना कोणीतरी गुडघा धरून खाली बसतो, हे आपण पाहिले आहे. आतून ‘कट्’ असा आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजतो. अशा वेळी पुष्कळदा पुढचा अस्थिबंध, म्हणजे ए. सी. एल., तुटलेला असतो.

हा बंध मांडीचे हाड व नडगीचे हाड यांना आतून तिरका जोडतो आणि नडगीला पुढे सरकू देत नाही. पूर्ण तुटला की तो सहसा आपोआप पूर्ववत जुळत नाही. ज्यांचा गुडघा वारंवार दगा देतो, त्यांच्या मांडीमागील किंवा वाटीखालील कंडरेचा पट्टा काढून, दोन्ही हाडांत भोके पाडून, त्यांतून ओवून बसवितात. सारी मेख त्या भोकांच्या जागेत आहे. मांडीच्या हाडातील भोक काही मिलिमीटर पुढे पडले, तरी गुडघा वाकविताना नवा बंध अवाजवी ताणला जाऊन पुढे सैल पडू शकतो.

उमेदीच्या काळात आमच्या हातून एकदा असेच घडले. एका तरुणाचा गुडघा वर्षभरातच पुन्हा डळमळू लागला. दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या आईने एवढेच विचारले, “डॉक्टर, आता नीट बसेल ना?” तो प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

म्हणूनच संगणकाच्या दिशादर्शनाचे आम्हांस अप्रूप वाटले. फ्रान्समधील ग्रनोबल येथील मंडळींनी आपले पहिले अनुभव १९९५ साली प्रसिद्ध केले. दोन्ही हाडांवर खुणेची साधने बसवितात. अवरक्त किरणांचा कॅमेरा त्यांचा वेध घेतो. शल्यचिकित्सक सळईने सांध्यातील ठिकाणे दाखवितो, आणि अमुक ठिकाणी भोक पाडले तर बंध किती ताणला जाईल, हे पडद्यावर आधीच दिसते.

मग प्रश्न सुटला काय? २०१४ साली उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. संगणकाच्या साहाय्याने रुग्णाचा गुडघा अधिक चांगला होतो, असे त्यातून सिद्ध झाले नाही. तसे होत नाही, असेही ठरले नाही. वेळ मात्र अधिक लागतो, आणि खुणेच्या साधनांसाठी हाडांत जादा खिळे ठोकावे लागतात.

राजधानीत सोयींची वाण नाही. राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने २०१० साली सफदरजंग रुग्णालयात क्रीडा-दुखापतींचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. तरीही यंत्राची जाहिरात पाहून कर्ज काढू पाहणारे पालक आम्हांस भेटतात. त्यांना आमचे सांगणे असे: यंत्र कोणते, हे नंतर विचारा, ही शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली आहे आणि पुढील व्यायाम कोण करवून घेणार, हे आधी विचारा. खेळावर परतण्यास बहुधा नऊ महिने तरी लागतात.

ते महिने घरापासून दूर असलेल्या कुटुंबाला जड जातात. व्यायामाला नेण्यास आजोबा-मामा जवळ नसतात. तेथे मंडळाने हात द्यावा. भोकाची जागा संगणक दाखवील. रुग्णाला धरून चालविण्याचे काम आपलेच आहे.