पटत नाही, सर!



१९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक निघालं. लेखक भीमराव रामजी आंबेडकर. प्रस्तावना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. शिक्षकाची प्रस्तावना म्हणजे चार कौतुकाचे शब्द, अशी आपली अपेक्षा असते. कॅनन यांनी मात्र स्वच्छ लिहून टाकलं की, भारतातल्या चलनव्यवस्थेवर आंबेडकरांचा जो रोष आहे तो मला वाटत नाही आणि तिच्याविरुद्धचे त्यांचे बहुतेक युक्तिवादही मला मान्य नाहीत. पण त्याच प्रस्तावनेत ते कबूल करतात की, काही ठिकाणी या माणसाने नेमकं वर्मावर बोट ठेवलं आहे, व्यवहारातला त्याचा निष्कर्ष बहुधा बरोबर आहे आणि जिथे तो साफ चुकला असं वाटलं तिथेही त्याच्या विचारांतला ताजेपणा जाणवला. आंबेडकरांनी आपल्या मनोगतात कॅनन यांचे ऋण मानले. माझी मांडणी त्यांनी कठोरपणे तपासली म्हणून कितीतरी चुका टळल्या, असं त्यांनी लिहिलं आणि मतांची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.

मी अर्थशास्त्राचा शिक्षक. वर्गातला आदर कसा असावा असं कोणी विचारलं, की मी ही दोन-तीन पानं पुढे करतो. दोघांनी एकमेकांचं म्हणणं मन लावून वाचलं होतं आणि मतभेद छापून जगापुढे ठेवले होते.

आपल्याकडे गुरुपौर्णिमेला फुलं, शाल, श्रीफळ होतं. त्यात वाईट काहीच नाही, वाकून नमस्कार करणाऱ्या मुलांची माया मला कळते. पण वर्षभर एकही प्रश्न न विचारणारा वर्ग ‘शिस्तीचा’ म्हणून वाखाणला जातो, हे मला मनापासून खटकतं. त्या शांततेत किती भीती असते आणि किती कंटाळा, हे आम्ही शिक्षक जाणून असतो.

प्रथम वर्षाचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. सकाळच्या एसटीने आलेली एक मुलगी उत्तर द्यायला उभी राहते. ‘आणि’चा ‘आनि’ होतो, मागच्या बाकांवर खसखस पिकते. तिची मान खाली जाते, बोट वहीच्या समासावरून फिरू लागतं. आता सगळं शिक्षकाच्या हाती असतं. त्यांनी उच्चार सुधारायला घेतला, तर तिचा मुद्दा तिथेच संपला. ते स्वतःच हसले, तर पुढची तीन वर्षं ती तोंड उघडणार नाही. पण ते म्हणाले, “कांद्याला भाव येतो तेव्हा शेतकऱ्याकडे माल का उरलेला नसतो, हे तू सांगत होतीस. ते पूर्ण कर,” तर हसणारेही ऐकू लागतात. कारण चाळीत कांदा सडताना तिने पाहिलेला असतो. पुस्तकात ते एका ओळीत उरकलेलं असतं आणि त्या दिवशी शिक्षकालाही काही नवं कळतं.

हा आदर एकतर्फी चालत नाही, विद्यार्थ्यांनीही तो द्यावा लागतो. आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. सामाईक भांड्यातलं पाणी त्यांनी पिण्याला तिथल्या काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. विद्यार्थ्यांनीही आधी या नव्या प्राध्यापकाची फारशी दखल घेतली नाही. मग त्यांचा अभ्यास आणि शिकवणं पाहून दुसऱ्या कॉलेजांतली मुलंसुद्धा व्याख्यानाला येऊन बसू लागली. शिकवणाऱ्याचा कस पाहून मत बदलण्याचा मोठेपणा त्या मुलांनी दाखवला.

आज जातीचा विटाळ तर पुरता गेलेला नाहीच, शिवाय एक नवी उतरंड आली आहे. “हे सर सीएचबीवर आहेत,” असं म्हणून तास बुडवणारी मुलं मी पाहिली आहेत. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला तासांवर पैसे मिळतात, तेही अनेकदा महिनोन्‌महिने रखडतात. तरीही तो रात्री टिपणं काढून सकाळी वर्गावर उभा राहतो. त्याच्या नेमणुकीच्या कागदावरून त्याची किंमत करणं हा अन्याय आहे.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काही बी.एड. करतील, काही शिकवण्या घेतील, काहींच्या हाताखाली नवी मुलं कामाला लागतील. त्यांच्यातलं कोणी अडखळत “मला हे पटत नाही” म्हणालं, तर त्याला मध्ये तोडू नका. आणि आज हा समारंभ संपला, की ज्या सरांचं किंवा मॅडमचं एखादं म्हणणं तीन वर्षांत तुम्हाला पटलं नसेल, त्यांना गाठा आणि ते सांगा. प्राध्यापक मित्रहो, आज घरी जायची घाई करू नका. मुलं तुमच्याकडे येतील, त्यांचं ऐकून घ्या.