यादीतला मुलगा, यादीबाहेरची मुलगी



आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. मग बायकांच्या बैठकीत हा विषय कशाला, असे काही जणींनी मला विचारले. पण अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मराठी घरातला मुलगाही अठरा वर्षांचा झाला की त्याला तिथल्या लष्करभरतीच्या यादीत नाव असण्याची सक्ती आहे. त्याच्या बहिणीला नाही. या फरकाबद्दल मला बोलायचे आहे.

तिथली सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, १९७५ मध्ये नावनोंदणीही थांबली. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यावर १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नोंदणी पुन्हा सुरू केली. मुलींचीही नावे घ्यावीत, असे त्यांनी सुचवले होते. संसदेने ते नाकारले. बायका प्रत्यक्ष लढाईत जात नाहीत, हे कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ही यादी फक्त पुरुषांचीच ठेवली. २०१३ मध्ये बायकांवरची लढाईतली बंदी उठवण्याचा निर्णय झाला. कारण गेले, फरक राहिला.

नोंदणी टाळणाऱ्याला कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ‘माझ्या विवेकाला युद्ध मान्य नाही’ असे सांगायला मात्र नोंदणीच्या वेळी जागाच नाही. ते भरतीचे बोलावणे आल्यावर मांडायचे.

यादी असेलच तर तीत बायकाही हव्यात, अशी भूमिका तिथल्या काही स्त्री-संघटनांनी घेतली. त्यांचा मुद्दा मला समजतो. वगळणे हा काही बाईचा सन्मान नव्हे. तो रक्षणकर्ता आणि ही रक्षणीय, या जुन्याच वाटणीवर सरकारी शिक्का आहे. कच खाणाऱ्या पुरुषाला ‘हातात बांगड्या भर’ म्हणतात, त्याच विचाराची ही यादी आहे.

तरी मुलींची नावे घालणे हे उत्तर मला पटत नाही. हुंड्याविरुद्ध लढताना मुलाच्या बापानेही हुंडा द्यावा, अशी मागणी आपण केली नाही. हुंडाच नको म्हटले. सक्ती निम्मी-निम्मी वाटून घेतली म्हणून ती न्याय्य होत नाही.

हा कायदाच रद्द करा, अशी विधेयके तिथल्या संसदेत आजवर अनेकदा आली आहेत. आपला पाठिंबा त्या मागणीला हवा. तिथे राहणाऱ्या आपल्या बहिणी-भावजयांशी याबद्दल बोलूया. मारायला आणि मरायला नकार देण्याचा हक्क मुलालाही आहे, हे आपण बायकांनी मोठ्याने म्हटले पाहिजे.