मेडिकलवाल्याकडे काय मागावे?

खेड्यात डॉक्टर लांब, मेडिकल जवळ. लेकराला जुलाब लागले की आपण म्हणतो, "बंद व्हायची गोळी द्या." लहान मुलाला ती गोळी घातक ठरू शकते. जुलाबात मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आटून. म्हणून फार्मासिस्टकडे जलसंजीवनीची पुडी मागा. एक लिटरची पुडी असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच सगळी मिसळा, घोट-घोट पाजा. २४ तासांनी उरलेले फेकून द्या. सोबत झिंक १४ दिवस, पण वय सांगून मात्रा विचारा. अंगावरचे दूध तोडू नका. शौचातून रक्त, डोळे खोल, लघवी बंद, मूल सुस्त दिसले तर मेडिकल नको, तडक दवाखाना गाठा! पोर वाचवायचे तर एवढे पाठ असू द्या.