ओव्याचा वास आणि विषाणू



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मसाल्याचा डबा रोज हाताळते, म्हणून त्यातील सुगंधी तेलांविषयी दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे. शास्त्राचा भाग माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने मला समजावून दिला.

ओवा तळहातावर चुरडला की वास सुटतो. तो वास म्हणजे उडून जाणारे तेल. गोडेतेलाचा डाग कपड्यावर राहतो, हे तेल मात्र हवेत मिसळते. वाफ सोडून ते वेगळे काढतात. ओव्याच्या तेलात थायमॉल असते; त्याचेच खडे म्हणजे ओव्याचे फूल. लवंगेच्या तेलात युजेनॉल, तर निलगिरीच्या तेलात सिनिओल हे मुख्य द्रव्य.

आता विषाणूंकडे वळू. कोरोना, फ्लू, हर्पिस अशा विषाणूंच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. स्निग्धात स्निग्ध मिसळते, हे आपणांस स्वयंपाकघरात ठाऊकच आहे. ही तेले त्या आवरणात शिरून ते बिघडवतात. जर्मनीत हायडेलबर्ग येथे निलगिरीच्या तेलाचा हर्पिसच्या विषाणूवर प्रयोग झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला. तेल आधी लागले तर विषाणू दुबळा होई. एकदा पेशीत शिरला की तेलाचा फारसा उपयोग होत नसे. शिवाय हे सारे काचेच्या भांड्यात! नेहमीच्या सर्दीच्या पुष्कळशा विषाणूंना तर असे आवरणच नसते.

२०२० व २०२१ साली घरोघरी कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगत होते. तिने रक्तातील प्राणवायू वाढतो, असे कुठेही सिद्ध झालेले नाही. माझ्या जाऊबाई त्या पुरचुंडीच्या भरवशावर तीन दिवस घरीच राहिल्या. दवाखान्यात नेले तेव्हा धाप लागून बोलवत नव्हते. देवाच्या कृपेने वाचल्या.

दुसरी गोष्ट लेकरांची. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात. निलगिरीचे तेल चमचाभर गेले तरी जिवावर बेतू शकते. या बाटल्या वरच्या फळीवर ठेवाव्यात. तान्ह्या बाळाच्या नाकाला यांतले काही लावू नये.

भगिनींनो, ओवा टाकून द्या असे मी म्हणत नाही. नाक चोंदले असता त्याच्या वासाने बरे वाटते, तेवढे सुख अवश्य घ्यावे. पण ताप उतरेना, धाप लागली, तर डबा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. घरातले माणूस वेळेवर दवाखान्यात पोचविणे बहुधा आपल्याच हाती असते.