घरचा संगणक आणि मोबाईल : रोग लागण्याआधीची काळजी



भाताचे बी पेरण्याआधी आपण ते मिठाच्या पाण्यात टाकतो. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाला बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवायचे आणि सावलीत सुकवायचे. या कामाला पैसा लागत नाही म्हटले तरी चालेल. पण एवढे केले नाही, तर पुढे औषधाच्या दुकानात खिसा मोकळा करावा लागतो.

आज मला भातावर बोलायचे नाही. पण सांगायचे आहे ते याच जातीचे आहे. आपल्या घरात आता संगणक आला आहे. मुंबईला कामाला असलेल्या मुलाने गणपतीला येताना आपला जुना लॅपटॉप आणला आणि तो इथेच राहिला. कुठे मुलीच्या कॉलेजसाठी घेतला, कुठे बचत गटाच्या हिशेबासाठी. आणि हातातला मोबाईल म्हणाल, तर तोही एक लहान संगणकच आहे. सातबारा, महाडीबीटीचा अर्ज, पीक विम्याची पावती, पीएम किसानचे दोन हजार आले की नाही हे बघणे, बँकेचा व्यवहार, सगळे त्यावरच. म्हणजे घरची तिजोरीच म्हणा ना! या तिजोरीलाही रोग लागतो. आणि बहुतेक वेळा तो आपल्याच हाताने आत येतो.

व्हायरस म्हणजे काय?

परवा एका गावबैठकीत एका आजोबांनी विचारले, “साहेब, पावसाळ्यात दमट हवेने लागतो का हा व्हायरस?” प्रश्न रास्त आहे. तर मंडळी, हा हवेतला जंतू नव्हे. तो माणसाने मुद्दाम लिहिलेला प्रोग्राम असतो. एका संगणकात शिरायचे, स्वतःच्या प्रती काढायच्या आणि दुसऱ्या संगणकात जायचे, हे त्याचे काम. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ साली लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून पसरत जगभर गेला. फ्लॉपी एका हातातून दुसऱ्या हातात जाई, तिच्याबरोबर रोगही जाई. आज फ्लॉपी राहिली नाही. तिची जागा पेन ड्राइव्हने आणि व्हॉट्सॲपने घेतली आहे.

पूर्वी असे प्रोग्राम पुष्कळदा खोडी म्हणून लिहिले जात. आता ते मुख्यतः पैशासाठी लिहिले जातात. काही प्रोग्राम गुपचूप बसून आपले संदेश वाचतात. काही आपले सगळे फोटो आणि कागद कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात.

हे सगळे दूरच्या शहरात घडते असे समजू नका. २७ जून २०१७ रोजी असाच एक हल्ला जगभर झाला, आणि त्याचा फटका आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यातील न्हावाशेवा बंदराला बसला. तिथल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले, काम हाताने करावे लागले आणि मालाचे कंटेनर तुंबून राहिले. त्या रोगाची सुरुवात युक्रेन देशातल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून झाली होती. तो ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक वाट बुजवणारी दुरुस्ती विंडोज तयार करणाऱ्या कंपनीने मार्च महिन्यातच मोफत दिली होती. अनेकांनी ती करून घेतलेली नव्हती. बांधाला भोक पडल्याचे कळले आहे, माती शेजारी पडली आहे, पण बुजवले नाही. मग खाचर रिकामे होणारच.

रोग येतो त्या वाटा

पहिली वाट, मोबाईलवर येणारी एपीके फाईल. आज शेतकऱ्याला सर्वांत मोठा धोका हिचा आहे. पीएम किसानच्या नावाने अशा खोट्या फायली महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरल्या आहेत. समजा, शनिवारी संध्याकाळी गटावर संदेश आला, “तुमचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडून केवायसी पूर्ण करा.” खाली फाईल, नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे. आपण ती दाबली, मोबाईलने परवानग्या मागितल्या, आपण ‘होय, होय’ करत गेलो. त्यातली एक परवानगी संदेश वाचण्याची असते. म्हणजे बँकेचा ओटीपी आपल्या आधी चोराला दिसतो. दुसऱ्या दिवशी रविवार, बँक बंद. सोमवारी पासबुक भरून घ्यावे, तर लावणीच्या मजुरीसाठी ठेवलेले पैसे गेलेले.

आणि एक गोष्ट बरं का. ही फाईल पुष्कळदा ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते. त्या बिचाऱ्याने ती पाठवलेली नसते. त्याच्या मोबाईलला रोग लागला, आणि रोगाने त्याच्या नावाने सगळ्यांना पाठवली. म्हणून “आपल्या भाऊंनी पाठवली आहे” हे फाईल उघडण्याचे कारण होऊ शकत नाही. भाऊंना फोन करून विचारावे.

दुसरी वाट, पेन ड्राइव्ह. लग्नाचे फोटो, शाळेचा प्रकल्प, छपाईसाठी दिलेले कागद, या निमित्ताने पेन ड्राइव्ह दहा दुकानांतून फिरून येतो. तो घरच्या संगणकाला लावला की लगेच उघडू नये.

तिसरी वाट, फुकटचे सॉफ्टवेअर. विकत घ्यायचे सॉफ्टवेअर कुणी चोरून फुकट बसवून देतो आणि सांगतो, “बसवताना अँटिव्हायरस जरा बंद ठेवा.” राखणीचा कुत्रा बांधून ठेवा असे सांगणारा पाहुणा कोण असेल, ते आपणच ओळखावे.

चौथी वाट, खोटी भीती. संगणकावर एकाएकी लाल पाटी येते, भोंगा वाजतो: “आपल्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.” मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीही नसतो. फोन केलात तर पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे ॲप बसवायला लावतो. ही ॲप वाईट नाहीत, दुरुस्तीसाठी तीच वापरतात. पण अनोळखी माणसाच्या हाती ती दिली, तर आपला पडदा त्याला दिसतो आणि संगणक त्याच्या हातात जातो. अशा वेळी इंटरनेट तोडावे आणि संगणक बंद करावा.

काय काळजी घ्यावी?

१) दुरुस्ती वेळेवर करावी. ‘अपडेट’ असे लिहून येते, ते पुढे ढकलू नये. पोलादपूरच्या डोंगराकडील वाड्यांत रेंज येते तेवढ्यापुरती, हे मला माहीत आहे. म्हणून महाडला बाजाराला किंवा नातेवाइकांकडे जाल, तेव्हा त्यांच्या घरच्या नेटवर हे काम उरकून घ्यावे. जुना लॅपटॉप असेल तर त्यात कोणते विंडोज आहे ते मुलांकडून बघून घ्यावे. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. दुरुस्ती न मिळणाऱ्या संगणकावर मुलांनी अभ्यास करावा, टंकलेखन करावे. बँकेचा व्यवहार मात्र करू नये.

२) राखणदार चालू ठेवावा. विंडोज १० आणि ११ मध्ये कंपनीचाच अँटिव्हायरस असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. तो चालू आहे ना, एवढे पाहावे. बाहेरचा विकत घेतला तरी चालेल. पण दोन-दोन बसवू नयेत, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो. पेन ड्राइव्ह लावल्यावर आधी त्याची तपासणी करावी, मगच उघडावा. भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर रोग काढण्याची साधने मोफत मिळतात. हे केंद्र २०१७ पासून चालू आहे.

३) मोबाईलवर ॲप घ्यायचे ते प्ले स्टोअरवरूनच. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ठिकाणचे ॲप बसविणे’ अशी सोय असते, ती व्हॉट्सॲपसाठी आणि ब्राउझरसाठी बंद करून ठेवावी. हे एकदाच करायचे काम आहे. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ असा असतो. पीएम किसान, महाडीबीटी आणि डिजिटल सातबारा या तिन्हींचा तसाच आहे. ही अक्षरे नसतील तर तिथे आधार नंबर किंवा बँक खाते लिहू नये.

४) ओटीपी आणि पिन कुणालाही सांगू नये, मग तो बँकेचा साहेब म्हणवो की कृषी खात्याचा. आम्हांला आपला ओटीपी फोनवरून लागत नाही. तसेच, पैसे पाठवताना पिन लागतो. पैसे आपल्या खात्यावर घेताना पिन लागत नाही. काजू-आंब्याचा व्यापारी म्हणवणारा कुणी “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणाला, तर तो माल घेणारा नव्हे, आपले पैसे घेणारा आहे.

५) दुकानात छपाई झाल्यावर मागे काही ठेवू नये. आधार, पासबुक यांच्या प्रती दुकानाच्या संगणकावरून आपल्यासमोर पुसून घ्याव्यात. व्हॉट्सॲप तिथे जोडले असेल तर ‘जोडलेली उपकरणे’ या ठिकाणी जाऊन ते तोडावे.

६) राखीव प्रत ठेवावी. आपण सगळे भात दळून खात नाही. पुढच्या वर्षीचे बी वेगळे काढून ठेवतो. तसेच महत्त्वाचे कागद, बचत गटाचा हिशेब, घरचे फोटो यांची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा डिस्कवर काढावी आणि ती संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडून ठेवली, तर कुलूप लावणारा व्हायरस तिलाही कुलूप लावतो. दुसरी प्रत दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे असावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये कपाटातले कागद चिखल झाले, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पूर असो की व्हायरस, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रतच मदतीला येते.

रोग लागलाच तर

घाबरू नये आणि लाजूही नये. लाजेपायी दोन दिवस गप्प बसणे, हेच चोराला हवे असते. पुढील क्रमाने कामाला लागावे.

प्रथम मोबाईलचा किंवा संगणकाचा नेट तोडावा. मोबाईलवर विमानाचे चिन्ह असते, ते दाबले की काम झाले. दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या क्रमांकावर कळवावे. सायबर फसवणुकीसाठी हा देशभर एकच क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन जाईल, तितके पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. लगेच बँकेला कळवून व्यवहार बंद करवावेत आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान ग्राहकावर टाकू नये, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले. स्वतःच्या निष्काळजीपणाने आधी गेलेली रक्कम मात्र आपल्या अंगावर येऊ शकते. म्हणून कळवल्याची वेळसुद्धा लिहून ठेवावी.

नंतर महाड किंवा पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही ती देता येते. आलेला संदेश पुसू नये, तो पुरावा आहे. गटावरच्या सगळ्यांना फोन करून सांगावे, “माझ्या नावाने फाईल आली असेल तर उघडू नका.” करपा एका खाचरात दिसला की आपण शेजाऱ्याला हाक मारतो ना, तसेच हे.

शेवटी जाणकाराकडून मोबाईल किंवा संगणक साफ करून घ्यावा. तोपर्यंत त्यावर बँकेचे काहीही उघडू नये. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या, निरोगी मोबाईलवरूनच.

बंधूंनो, भगिनींनो, संगणकाला घाबरून तो बासनात बांधून ठेवा, असे माझे म्हणणे नाही. तलाठी कार्यालयाच्या खेपा त्याने वाचवल्या आहेत, मुलांच्या शिक्षणाला तो लागतो. वापरा, मनसोक्त वापरा. फक्त आलेली प्रत्येक गोष्ट आधी मिठाच्या पाण्यात टाकून पाहा. पोचट असेल ती वर येतेच.

लक्षात ठेवा

• एपीके फाईल कुणीही पाठवली तरी उघडू नये. पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे.
• अपडेट वेळेवर. अँटिव्हायरस एकच, पण चालू.
• ओटीपी, पिन कुणालाही नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही.
• कागदांची एक प्रत संगणकापासून वेगळी, एक दुसऱ्या गावी.
• फसवणूक झाली की आधी नेट तोडावा, मग १९३०, मग बँक, मग पोलीस ठाणे.

हा कागद घरात मोबाईल ठेवण्याच्या जागी चिकटवावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.